दुर्बिणीतून सायनसची शस्त्रक्रिया: काय साधते आणि काय साधत नाही

प्रश्न: वय ४३, व्यवसाय शिक्षकाचा. चार वर्षांपासून दोन्ही नाकपुड्या बंद असतात, घशात सतत शेंबूड उतरतो आणि गेले वर्षभर वास अजिबात येत नाही. दमा आहे, त्यासाठी पंप घेतो. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंच्या सायनसमध्ये पॉलिप दिसले. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवली आहे. घरचे म्हणतात की हे ऑपरेशन एकदा केले की पुन्हा पुन्हा करावे लागते. शस्त्रक्रिया करावी का? हाड न कापता फुग्याने सायनस उघडतात असे ऐकले, ते चालेल का?

उत्तर: आपल्या घरच्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. पॉलिपसह, म्हणजे अस्तराच्या सुजून लोंबणाऱ्या मऊ फुगवट्यांसह, असलेला सायनसचा जुनाट आजार हा मुळात नाकाच्या आणि सायनसच्या अस्तराचा दाह आहे आणि अस्तराची दाहाकडे असलेली ओढ कोणत्याही शस्त्रक्रियेने संपत नाही. बेल्जियममधील गेंट येथे अशा रुग्णांचा शस्त्रक्रियेनंतर १२ वर्षे पाठपुरावा केला गेला, तेव्हा सुमारे ७९ टक्के रुग्णांत पॉलिप पुन्हा दिसले आणि सुमारे ३७ टक्के रुग्णांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली. अभ्यास लहान होता, ३८ रुग्णांचा; तरी आकडे डोळ्यांआड करण्यासारखे नाहीत. मात्र त्याच अभ्यासात १२ वर्षांनंतरही रुग्णांचा त्रास शस्त्रक्रियेपूर्वीच्या मानाने स्पष्टपणे कमी होता. म्हणजे पॉलिप परत येणे आणि शस्त्रक्रिया वाया जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्रक्रियेने साठलेला आजार काढला जातो, बंद झालेल्या वाटा मोकळ्या होतात आणि त्यानंतर औषध जिथे पोहोचायला हवे तिथे पोहोचू शकते. पुढची सारी वर्षे त्या औषधाची असतात. ज्या रुग्णाला हे आधी नीट समजावले जाते, तो सहसा निराश होत नाही.

निर्णयाकडे वळण्यापूर्वी निदानाविषयी थोडे लिहितो, कारण सायनसच्या नावाखाली येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांना सायनसचा आजार नसतोच. जुनाट सायनसायटिस म्हणण्यासाठी त्रास किमान १२ आठवडे टिकलेला असावा लागतो, त्यात नाक बंद राहणे किंवा नाकातून अथवा घशात स्राव येणे यांपैकी एक तरी लक्षण असावे लागते, जोडीला चेहऱ्यावरचा दाब किंवा वास कमी होणे असू शकते आणि या सगळ्याला दुर्बीण तपासणीचा किंवा सीटी स्कॅनचा दुजोरा मिळावा लागतो. केवळ कपाळ दुखते म्हणून सायनस, हे समीकरण फार घरोघरी रुजले आहे. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, ज्यांना सायनसची डोकेदुखी आहे असे स्वतःला किंवा डॉक्टरांना वाटत होते, अशा जवळजवळ ३,००० जणांपैकी ८८ टक्के जणांची डोकेदुखी प्रत्यक्षात अर्धशिशीच्या निकषांत बसणारी निघाली. अर्धशिशीसाठी सायनसची शस्त्रक्रिया केली तर डोके दुखतच राहते आणि बदनाम मात्र शस्त्रक्रिया होते. सीटी स्कॅनही योग्य वेळी काढलेला असावा. साध्या सर्दीतसुद्धा बहुतेकांच्या स्कॅनमध्ये सायनस भरलेले दिसतात आणि दोन-तीन आठवड्यांत आपोआप साफ होतात, म्हणून भर सर्दीत काढलेल्या स्कॅनवरून शस्त्रक्रिया ठरवू नये; पुरेसे औषधोपचार करून झाल्यावर काढलेला स्कॅनच ग्राह्य धरावा. आपल्या बाबतीत वास जाणे, दोन्ही बाजूंचे पॉलिप आणि दमा ही तिन्ही चिन्हे एकाच दिशेला बोट दाखवतात, त्यामुळे निदानाविषयी मला फारशी शंका वाटत नाही.

आता खरा प्रश्न असा की औषधोपचार पुरेसे आणि नीट झाले आहेत का. आपण त्याविषयी काही लिहिलेले नाही. नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा, म्हणजे मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन, रोज आणि किमान आठ ते बारा आठवडे घ्यावा लागतो. नाक बंद झाले की चार दिवस घेणे आणि मोकळे झाले की सोडणे याला उपचार म्हणता येत नाही. फवारा मारण्याची पद्धत बहुतेकांची चुकते. मान किंचित खाली ठेवावी, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत फवारा मारावा, जेणेकरून नळीचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न वळता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने राहील, आणि मारताना जोराने हुंगू नये. जोराने हुंगले की औषध सरळ घशात जाते आणि पडद्यावर मारत राहिले की नाकातून रक्त येते, मग रुग्ण औषध सोडून देतो. दुकानातून आणलेले झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब हा फवारा नव्हे. ते पाच-सात दिवसांपेक्षा जास्त घेतले तर नाक त्या थेंबांमुळेच बंद राहू लागते, आणि वर्षानुवर्षे ती बाटली उशाशी घेऊन झोपणारे रुग्ण आम्ही नेहमी पाहतो.

फवाऱ्याच्या जोडीला मिठाच्या पाण्याने नाक धुणे हवे. एक लिटर पाण्यात साधारण नऊ ग्रॅम मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, पाणी कोमट आणि मात्रा दर बाजूला सुमारे १०० ते १२० मिलिलिटर, एवढेच त्याचे शास्त्र आहे. ज्यांना जलनेतीची सवय आहे त्यांना हे शिकवावे लागत नाही. पण पाणी उकळून गार केलेलेच हवे, या एका बाबतीत मी कोणतीही सवलत देत नाही. नळाच्या, विहिरीच्या किंवा टाकीच्या न उकळलेल्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा असू शकतो, तो नाकावाटे मेंदूपर्यंत जातो आणि त्याचा संसर्ग बहुधा प्राणघातक ठरतो. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत अशा संसर्गाचे रुग्ण आढळले आहेत.

प्रतिजैविकांचे दीर्घ कोर्स हा शस्त्रक्रियेला पर्याय आहे का, हा वाद बरीच वर्षे चालू होता. ब्रिटनमधील मॅक्रो नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत योग्य औषधांनंतरही त्रास न गेलेल्या ५०० हून अधिक रुग्णांचे तीन गट करून एका गटाची शस्त्रक्रिया केली गेली, दुसऱ्याला तीन महिने क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि तिसऱ्याला तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या गेल्या. नाक धुणे आणि स्टिरॉइड सर्वांनाच होते. सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रियेच्या गटाला ठळक फायदा दिसला, तर क्लॅरिथ्रोमायसिन निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. तेव्हा फवारा आणि धुणे नियमाने तीन महिने केले, तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइडचा छोटा कोर्सही झाला आणि तरीही आपली अवस्था तीच असेल, तर आणखी एक वर्ष गोळ्या बदलत काढण्यात मला अर्थ दिसत नाही.

या शस्त्रक्रियेमागचा विचार समजून घेतला तर तिच्याकडून अपेक्षा काय ठेवायची हेही कळते. सायनसच्या अस्तरावर सूक्ष्म रोम असतात आणि ते स्रावाचा पातळ थर सतत एका ठरलेल्या मार्गाने नैसर्गिक छिद्राकडे वाहून नेतात. गालाच्या हाडातील मॅक्सिलरी सायनसचे छिद्र तळाशी नसून आतल्या भिंतीवर वरच्या बाजूला असते, म्हणजे तिथला स्राव गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढवावा लागतो. न्यू यॉर्कचे कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये आणि पॅरिसचे ल्यूक यांनी १८९७ मध्ये वर्णन केलेल्या जुन्या शस्त्रक्रियेत वरच्या ओठाखालून गालाचे हाड फोडून सायनसचे सारे अस्तर खरवडून काढत आणि खाली नाकात नवे भोक पाडत. तर्क सरळ होता, पाणी उताराकडे जाणार. परंतु ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी स्रावाच्या या प्रवाहांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की खाली मोठे भोक असले तरी रोम स्राव त्याला वळसा घालून मूळच्या छिद्राकडेच नेतात. नवे भोक पाडून उपयोग नव्हता. मूळ छिद्राभोवतीचा अडथळा काढायला हवा होता. हेरॉल्ड हॉपकिन्स या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने शोधलेल्या काचदांड्यांच्या रचनेमुळे १९६० च्या दशकापासून बारीक आणि लख्ख दिसणाऱ्या दुर्बिणी मिळू लागल्या आणि तो अडथळा डोळ्यांनी पाहता येऊ लागला. ग्राझचेच हाइन्झ स्टॅमबर्गर आणि अमेरिकेतील डेव्हिड केनेडी यांनी ही पद्धत जगभर नेली. १९८५ मध्ये केनेडी यांनी तिला फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी हे नाव रूढ केले, जे आपल्या कागदांवर फेस या आद्याक्षरांनी लिहिलेले असेल.

प्रत्यक्षात काय केले जाते ते सांगतो. पूर्ण भूल दिली जाते, डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवली जाते आणि ॲड्रेनॅलिनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या नाकात ठेवून रक्तवाहिन्या आकसू दिल्या जातात, कारण या शस्त्रक्रियेत रक्तस्रावाचा मोठा त्रास म्हणजे त्यामुळे दिसेनासे होते. चेहऱ्यावर कुठेही छेद नसतो. चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत जाते आणि सर्जन मॉनिटरवर पाहत काम करतो. पॉलिप सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट आणि ओलसर दिसतात. ते ओढून न काढता मायक्रोडिब्रायडर नावाच्या, एकाच वेळी कापणाऱ्या आणि शोषून घेणाऱ्या उपकरणाने टप्प्याटप्प्याने काढले जातात, म्हणजे निरोगी अस्तर सोलले जात नाही. मग मधल्या टर्बिनेटच्या, म्हणजे नाकाच्या बाहेरच्या भिंतीवरून आत आलेल्या हाडाच्या कंगोऱ्याच्या, आडोशाला असलेली अनसिनेट ही कोयत्याच्या पात्यासारखी वळलेली पातळ हाडाची पट्टी काढली जाते. ती निघाली की ३० किंवा ७० अंशांत वळून पाहणाऱ्या दुर्बिणीतून मॅक्सिलरी सायनसचे मूळ छिद्र दिसते आणि नवे भोक न पाडता तेच रुंद केले जाते. मग डोळ्याच्या आतल्या बाजूला असलेल्या इथमॉइडच्या लहान लहान कप्प्यांचे पडदे उघडले जातात, आणि गरजेप्रमाणे मागचा स्फिनॉइड व वरचा फ्रंटल सायनस. फ्रंटलची वाट सर्वांत चिंचोळी असते. तिथे अस्तर दुखावले तर जखमेचा कोंब वाढून ती पुन्हा बुजते. हात मोजका ठेवायचा तो मुख्यतः याच ठिकाणी.

छेद नसल्यामुळे हिला छोटी शस्त्रक्रिया म्हणतात, पण तिचा परिसर छोटा नाही. बाहेरच्या बाजूला डोळा आणि इथमॉइड यांच्यामध्ये कागदाएवढ्या पातळ हाडाची भिंत असते, वर मेंदूखालचा हाडाचा तळ असतो, मागे स्फिनॉइडच्या भिंतीत दृष्टीची नस आणि मेंदूला रक्त पुरवणारी मोठी धमनी असते. मेंदूखालचा तळ घ्राणनसांपाशी किती खोल उतरला आहे हे प्रत्येकात वेगळे असते. केरोस यांनी १९६२ मध्ये त्याचे तीन प्रकार सांगितले, त्यांत तिसऱ्या प्रकारात ही खोली आठ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असते आणि तिथे जोखीम जास्त. म्हणून सीटी स्कॅनचा नुसता अहवाल वाचून चालत नाही. सर्जनने आडव्या, उभ्या आणि बाजूच्या तिन्ही छेदांतील चित्रे स्वतः पाहिलेली असावीत. अनुभवी हातांत गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते: डोळ्याच्या खोबणीत रक्त साठणे, मेंदूभोवतीच्या पाण्याची गळती, मोठा रक्तस्राव. संगणकाच्या साहाय्याने उपकरणाची जागा स्कॅनवर दाखवणारी नेव्हिगेशन यंत्रणा दुसऱ्यांदा केल्या जाणाऱ्या किंवा गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेत फार उपयोगी पडते. पहिल्या, सरळ शस्त्रक्रियेत ती नसली तर काम निकृष्ट होते असे समजू नये, आणि यंत्र आहे म्हणून शरीररचनेचे ज्ञान कमी असून चालते असेही नाही.

फुग्याविषयी थोडक्यात. अमेरिकेत २००५ पासून वापरात आलेल्या या पद्धतीत छिद्रात फुगा सरकवून फुगवतात आणि वाट रुंद करतात. पॉलिप नसलेल्या, एखाद-दुसऱ्या सायनसपुरत्या मर्यादित आजारात, विशेषतः फ्रंटलच्या, तिचा उपयोग आहे. फुग्याने पॉलिप निघत नाहीत आणि इथमॉइडच्या कप्प्यांवर त्याचा इलाज चालत नाही. आपला आजार नेमका तिथला आहे. त्यामुळे आपल्याला ती पद्धत मी सुचवणार नाही, कोणी आग्रहाने सुचवली तरी कारण विचारावे. तसेच नाकाचा मधला पडदा वाकडा असेल तर तो सरळ करण्याचा सल्लाही मिळेल. दुर्बिणीला आणि पुढे औषधाला वाट मिळावी म्हणून ते रास्त आहे, परंतु पडदा सरळ केल्याने पॉलिप जात नाहीत.

शस्त्रक्रियेनंतरच्या काळाकडे रुग्णांचे आणि कधी कधी डॉक्टरांचेही पुरेसे लक्ष नसते, आणि माझ्या मते निम्मे यश इथेच मिळते किंवा हरवते. बहुतेक रुग्ण एका दिवसात घरी जातात. नाकात बोळा ठेवला असेल तर तो एक-दोन दिवसांत काढतात. दुखणे सहसा कमी असते, पण नाक पहिले दोन आठवडे पूर्वीपेक्षाही जास्त बंद वाटते, कारण आत रक्ताच्या खपल्या, सुकलेला स्राव आणि सूज असते. याच वेळी रुग्णाला वाटते की ऑपरेशन फसले. या खपल्या साधारण एका आठवड्याने आणि पुन्हा दोन-तीन आठवड्यांनी दवाखान्यात दुर्बिणीखाली काढाव्या लागतात. काढल्या नाहीत तर टर्बिनेट आणि बाहेरची भिंत एकमेकांना चिकटतात आणि कष्टाने उघडलेली वाट बुजते. मिठाच्या पाण्याने धुणे डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून सुरू करायचे आणि सोडायचे नाही. नाक जोराने शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे, दोन आठवडे वाकून जड उचलायचे नाही आणि विमानप्रवास टाळायचा. वर्गात जायला साधारण आठवड्या-दीड आठवड्याने हरकत नसते. डोळ्याभोवती अचानक सूज आली, दृष्टी अंधुक झाली किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाण्यासारखा स्राव ठिबकू लागला, तापाबरोबर मान ताठरली किंवा रक्त थांबेना, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

सायनसचे छिद्र सुमारे चार मिलिमीटरपर्यंत रुंद झाले की धुण्याचे पाणी आत खात्रीने पोहोचू लागते. शस्त्रक्रियेपूर्वी ते जवळजवळ पोहोचतच नव्हते. म्हणून पुढे फवाऱ्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला धुण्याच्या पाण्यातच बुडेसोनाइड या स्टिरॉइडचे रेस्प्युल, म्हणजे द्रव औषधाची छोटी कुपी, मिसळण्याचा सल्ला दिला जातो आणि पॉलिप परत येणे लांबवण्यात त्याचा मोठा हातभार लागतो असा माझा अनुभव आहे. वास येण्याबाबत मी कुणालाही वचन देत नाही. अनेकांना तो काही आठवड्यांत परत येतो, काहींना अंशतः येतो आणि पॉलिप वाढू लागले की सर्वांत आधी तोच जातो. वास पुन्हा कमी होऊ लागणे ही तपासणीला जाण्याची खूण समजावी.

आपल्याला दमा आहे, म्हणून आणखी एक चौकशी आवश्यक आहे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतल्यावर कधी धाप लागली किंवा नाक एकदम चोंदले आहे का? तसे असेल तर पॉलिप, दमा आणि या वेदनाशामकांची असहिष्णुता हे त्रिकूट आहे, त्यात पॉलिप लवकर परततात आणि शस्त्रक्रियेनंतर दुखण्यासाठी ही औषधे देता येत नाहीत. भूलतज्ज्ञांना हे आधी माहीत असायलाच हवे. शस्त्रक्रियेपूर्वी दमा पूर्ण आटोक्यात असावा. पंप शस्त्रक्रियेच्या सकाळीही घ्यायचा असतो. चांगली बातमी अशी की नाकाचा आजार आटोक्यात आल्यावर अनेकांचा दमाही सौम्य होतो. शस्त्रक्रिया आणि औषधे दोन्ही करूनही पॉलिप येतच राहिले तर आता ड्युपिलुमॅबसारखी जैविक इंजेक्शने उपलब्ध आहेत. पॉलिपसाठी त्याला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. ती दीर्घकाळ घ्यावी लागतात आणि खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा असतो, त्यामुळे आपल्याकडे शस्त्रक्रियेचे स्थान अजून तरी त्यांच्या आधीचे आहे.

काढलेला सर्व भाग पॅथॉलॉजी तपासणीला पाठवला जाईल याची खात्री करून घ्यावी. आपल्याकडे ॲलर्जीमुळे होणारा बुरशीचा सायनसायटिस दुर्मीळ नाही. त्यात घट्ट, चिकट, तपकिरी स्राव सापडतो, आणि निदान तसे निघाले तर पुढच्या स्टिरॉइडचे नियोजन बदलते. बुरशी हा शब्द अहवालात वाचून घाबरू नये. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने पाहिलेला म्युकरमायकोसिस हा रक्तवाहिन्यांत शिरणारा, तासातासाला वाढणारा आजार होता. हा तसा नाही.

जाता जाता, ज्यांचा आजार एकाच बाजूला आहे अशा वाचकांसाठी: हे उत्तर त्यांना लागू होत नाही. एकाच बाजूचा दुर्गंधीयुक्त स्राव वरच्या दाढेच्या मुळाशी असलेल्या संसर्गाने येऊ शकतो आणि दाढेचा इलाज केल्याशिवाय बरा होत नाही. एकाच बाजूचा पॉलिप हा पॉलिप नसून गाठही असू शकते आणि तिचा तुकडा आधी तपासावा लागतो.

आपण पुढच्या भेटीला जाताना सीटी स्कॅनची सीडी, आजवर घेतलेल्या फवाऱ्यांची नावे आणि ते किती दिवस घेतले याची टिपणी, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची यादी बरोबर न्यावी. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. सर्जनना विचारावे की कोणते सायनस उघडणार, फ्रंटलला हात लावणार का, आणि नंतरच्या साफसफाईच्या भेटी ते स्वतः करतात का. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी वाचून पाहावी, कारण अनेक पॉलिसींमध्ये सायनसच्या शस्त्रक्रियेसाठी दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. फवारा आणि धुणे यांचे तीन महिने झाले नसतील तर आधी ते पूर्ण करावेत; झाले असतील तर शाळेच्या उन्हाळी सुट्टीची तारीख ठरवून टाकावी, म्हणजे पहिल्या महिन्याच्या भेटी चुकणार नाहीत.